सारखेपणाचा संशय

‘सायन्स’ या अमेरिकन साप्ताहिकात ऑक्टोबर २००९ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. दीर्घकालीन थकवा विकाराच्या १०१ रुग्णांपैकी ६८ जणांच्या रक्तपेशींत एक्सएमआरव्ही हा विषाणू सापडला. २१८ निरोगी माणसांत मात्र तो फक्त ८ जणांत होता, असे त्यात म्हटले होते. उंदरांना रक्ताचा कर्करोग करणाऱ्या विषाणूंच्या कुळातला हा विषाणू. डिसेंबर २०११ मध्ये साप्ताहिकाने तो निबंध मागे घेतला. ‘नमुने दूषित झाले होते’ एवढे सांगून ही हकिकत बहुधा संपवली जाते. आमच्या मते मूळ दोष तर्कातला आहे आणि तो वर्गातही समजावून सांगता येतो.

लुडविक ग्रॉस यांनी १९५१ मध्ये या कुळातला पहिला विषाणू दाखवला. पुढे अनेक सापडले. आतून ते बरेचसे सारखे. मोठा फरक बाहेरच्या आवरण-प्रथिनात, तोही त्याच्या थोड्याशा भागात. पण पेशीवरचे कोणते प्रथिन पकडून आत शिरायचे, हे त्या थोड्या भागावरच ठरते. एक प्रकार उंदराच्या पेशीवरचे, आर्जिनीन आणि लायसीन आत नेणारे प्रथिन पकडतो. माणसाच्या पेशीवरही तशाच घडणीचे प्रथिन असते, पण मोक्याच्या जागची अमिनो आम्ले निराळी, म्हणून विषाणू बाहेरच राहतो. दुसऱ्या प्रकाराची तऱ्हा उलटी. त्याची जनुके उंदराच्याच गुणसूत्रांत पिढ्यान्‌पिढ्या बसलेली, तरी प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या उंदरांच्या पेशीत त्याला शिरता येत नाही. माणसाच्या पेशीत येते! तिसरा दोन्हीकडे शिरतो. एक्सएमआरव्ही दुसऱ्या प्रकारचा. तेव्हा तो माणसात सापडणे अशक्य कोटीतले नव्हते, हे लेखकांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

आता तर्क पाहू. हे विषाणू आपल्या आरएनएवरून डीएनए बनवतात आणि त्या नकलेत चुका होतात. शिवाय शरीराची प्रतिपिंडे आवरणावरच हल्ला करतात, म्हणून आवरण-प्रथिन विशेष बदलते. एड्सचा विषाणू तर एकाच रुग्णाच्या शरीरात काही वर्षांत ओळखू न येण्याइतका पालटतो. मग वेगवेगळ्या रुग्णांत स्वतंत्रपणे नांदणारा एक्सएमआरव्ही कसा दिसायला हवा होता? प्रत्यक्षात २००६ मध्ये प्रोस्टेटच्या गाठींत सापडल्याचे जाहीर झालेल्या विषाणूशी तो सुमारे आठ हजार अक्षरांत शेकडा नव्व्याण्णवहून अधिक जुळत होता. चाळीस उत्तरपत्रिकांत एकच चूक दिसली, की शिक्षक काय समजतात? लेखकांनी मात्र हा सारखेपणा पुरावा मानला.

यावर एक बचाव संभवतो. एचटीएलव्ही-१ हा माणसाचा विषाणू बाधित पेशींच्या विभाजनाबरोबर वाढतो, म्हणून फारसा बदलत नाही. पण डिसेंबर २०१० मध्ये ब्रिटिश संशोधकांनी तोही मार्ग बंद केला. २२आरव्ही१ या प्रोस्टेट-कर्करोगाच्या पेशीवाणातल्या एक्सएमआरव्हीत जेवढी विविधता होती, तेवढी सगळ्या रुग्णांत मिळूनही नव्हती.

ऑगस्ट २०१० मध्ये दुसऱ्या एका गटाने ३७ पैकी ३२ रुग्णांत याच कुळातल्या, पण तिसऱ्या प्रकाराच्या जनुकांचे तुकडे सापडल्याचे जाहीर केले. इथे विविधता होती, आणि अनेकांना हायसे वाटले. पण ही विविधता कोणाची? उंदराच्या गुणसूत्रांत अशा विषाणूंच्या डझनावारी प्रती असतात. पीसीआरच्या विकरात उंदराची प्रतिपिंडे घालतात. त्यांच्याबरोबर डीएनएचा कण आला, तरी असे तुकडे हाती लागतात. लेखकांनी उंदराच्या डीएनएसाठी चाचणी केली होती, आणि ती निर्दोष आली होती. तरीही डिसेंबर २०११ मध्ये त्यांना निबंध मागे घ्यावा लागला.

एक्सएमआरव्हीचा जन्मही २०११ मध्ये उलगडला. १९९० च्या दशकात एका रुग्णाची प्रोस्टेटची गाठ प्रयोगशाळेतल्या उंदरांत वाढवत असताना, उंदरांच्या गुणसूत्रांतल्या दोन जुन्या तुकड्यांची सांधेजोड होऊन हा विषाणू तयार झाला होता. सुरुवातीच्या गाठींत तो नव्हता. नंतरच्या गाठींत होता.

मधल्या काळात काही रुग्णांनी एड्सवरची औषधे घेतली. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांनी अशा रुग्णांचे रक्तदान थांबवले. अखेर २०१२ मध्ये १४७ रुग्ण आणि १४६ निरोगी माणसे यांचे रक्त, नमुना कोणाचा हे न सांगता, तपासले गेले. या तपासणीत पहिल्या दोन्ही निबंधांचे लेखकही सामील होते. विषाणू एकाही नमुन्यात सापडला नाही.