पाणीवाली बाई, गुलाबी साडी आणि ग्रँटचा अर्ज

मागच्या पोस्टमध्ये सिनॉप्सिस कसा लिहायचा ते सांगितलं होतं. त्यावर दोघातिघांनी एकच प्रश्न विचारला: विषय आधी ठरतो, की फेलोशिप बघून ठरतो? खरं उत्तर द्यायचं तर दोन्ही. पण माझा विषय भूजलाचा, त्यात हे पटकन दिसणार नाही. म्हणून आज शेजारच्या क्षेत्रातलं उदाहरण घेते, माहितीपटांच्या ग्रँट्सचं. पैसे देणाऱ्याने विचारलेला प्रश्न कामाचा आकार कसा बदलतो, हे तिथे सरळ पडद्यावर दिसतं.

निमित्तही तसंच घडलं. माझी एक मैत्रीण किन्हवलीकडची. आम्ही बी.एस्सी.ला एकत्र होतो, आता ती कॅमेरा चालवते. एप्रिलमध्ये तिने मला एक अर्ज पाठवला, "यातलं पाण्याचं सायन्स बरोबर आहे का बघ" म्हणून. शहापूर तालुक्यातला एक पाडा, तिथली एक विहीर. जानेवारी ते जून त्या विहिरीचं पाणी कोण किती वाजता भरतं, नंबर कसे लागतात, कुणाचा नंबर नेहमी मागे जातो, हे तीन उन्हाळे शूट करायचं. सायन्स बरोबर होतं. लॉगलाइन मात्र वाईट होती. चार ओळींची, आणि त्यात 'सामाजिक रचना' हा शब्द दोनदा.

मग ती एका ऑनलाइन कार्यशाळेला बसली. तिथल्या मेंटॉरने विचारलं, तुमच्याच तालुक्यात पाण्यासाठी तीन-तीन लग्नं करणाऱ्या पुरुषाचं गाव आहे ना? मग फिल्म तिथून का सुरू होत नाही? दुसरा मसुदा आला तो तीन बायका आणि एका नवऱ्यापासून सुरू होणारा. आणि तो वाचताना मलाच पुढे काय होतं ते बघावंसं वाटलं. खटकलं ते हेच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शहापूर तालुक्यातलं डेंगणमाळ 2015 मध्ये जगभर पोचलं. रॉयटर्सचा छायाचित्रकार दानिश सिद्दीकी याने तिथल्या 'पाणीवाल्या बायकां'ची चित्रकथा केली. घरात पाणी भरायला माणूस हवं म्हणून दुसरं, तिसरं लग्न. या बायकांत विधवा होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या. सिद्दीकी मोठा छायाचित्रकार होता. पुढे 2018 मध्ये रॉयटर्सच्या ज्या चमूला पुलित्झर मिळालं त्यात तो होता, आणि 2021 मध्ये अफगाणिस्तानात काम करताना मारला गेला. त्याच्या चित्रांबद्दल माझी तक्रार नाही. ती बारकाईने बघितलेली चित्रं आहेत. तक्रार आहे ती त्यानंतर त्याच चौकटीच्या निघत राहिलेल्या प्रतींबद्दल. मथळ्यात गाव 'दुष्काळग्रस्त', मग डोक्यावर हंडे, मग तीन बायका एका ओळीत.

इथे माझ्या विषयातलं थोडं सांगावं लागेल. 2014 आणि 2015 ही राज्यात कमी पावसाची वर्षं होती, हे खरं. पण शहापूर-मुरबाड म्हणजे माण-खटाव नव्हे. इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खाली बेसॉल्टचा खडक, उतार तीव्र, त्यामुळे पाणी मुरतं कमी आणि वाहून जातं जास्त. दिवाळीनंतर विहिरी उतरू लागतात. आणि त्याच तालुक्यात तानसा धरण 1892 पासून उभं आहे. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळपास निम्मं एकट्या भातसाचं. ते नदीत सोडतात, पिसे बंधाऱ्यावर उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि पुढे पाठवतात. शहापूरच्या गावपाड्यांना दर उन्हाळ्यात टँकर. तालुक्याची तहान भागवायला आता इगतपुरीकडच्या भावली धरणातून पाणी आणायची योजना आहे. म्हणजे आपलं पाणी खाली मुंबईला आणि आपल्याला पाणी वरून नाशिक जिल्ह्यातून!

आता 'दुष्काळग्रस्त गाव' हा शब्द परत वाचा. त्यात पाऊस दोषी आहे, फार तर नवरा. पाइपलाइन कुठेच नाही. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर हे चल वगळल्यामुळे आलेलं चुकीचं स्पष्टीकरण. निरीक्षण खरं, कारण चुकीचं.

दुसरं उदाहरण मुरबाडचं, आणि ते गोड आहे म्हणून जास्त अवघड. फांगणे गावात 8 मार्च 2016 ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांची कल्पना. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बायका, गुलाबी साडीचा गणवेश, दप्तर, पाटी. तिथे कुठकुठले कॅमेरे येऊन गेले याची मोजदाद नाही. मी पाहिलेले व्हिडिओ बहुतेक दोन ते पाच मिनिटांचे आणि जवळजवळ एकाच क्रमाचे: आजी साडी नेसते, नात हात धरून शाळेत नेते, आजी पाटीवर नाव लिहिते, आजी हसते. मलाही छान वाटतं बघून. पण सहा महिन्यांनी कोण यायची थांबली? लावणीच्या दिवसांत वर्ग भरतो का? सही करता यायला लागल्यावर बँकेत, रेशनच्या दुकानात वागणूक बदलली का? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर एका दिवसाच्या शूटमध्ये मिळत नाही. वर्षभर जा-ये करणाऱ्यालाच मिळेल, आणि वर्षभराच्या जा-येचे पैसे कुणी देत नाही.

म्हणजे मुद्दा वेळेचा आहे. माहितीपटाच्या ग्रँटचा अर्ज एकदा नीट वाचून बघा, संशोधक म्हणून फार शिकायला मिळतं. लॉगलाइन मागतात: एका वाक्यात गोष्ट. म्हणजे गोष्ट सापडायच्या आधी शेवट माहीत हवा. 'हीच फिल्म आत्ता का?' विचारतात. तानसाला सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, तिथे 'आत्ता' कुठून आणायचा? मुरबाडच्या काळू धरणाचं काम 2012 मध्ये उच्च न्यायालयाने थांबवलं, वनखात्याची परवानगी नसताना ते सुरू झालं होतं. त्या वर्षी 'आत्ता' होता. त्यानंतर गावं धरण होणार की नाही या टांगणीवर जगत आली, त्या वर्षांना 'आत्ता' नाही. मग मुख्य पात्र विचारतात. विहिरीवरचे नंबर हे पात्र होऊ शकत नाही, तीन बायकांचा नवरा होऊ शकतो. शेवटी टीझर मागतात, म्हणजे पैसे मिळायच्या आधी खर्च करून केलेलं शूट. हे ज्याला परवडतं तोच पुढे जातो, आणि ज्याला एकच दिवस परवडतो तो सगळ्यात पटकन दिसणारं दृश्य टिपून आणतो.

पात्राची अट मुळातच वाईट आहे असं मात्र मी म्हणणार नाही. सर्वनिक कौरचा 'अगेन्स्ट द टाइड' बघा. मुंबईचे दोन कोळी मित्र. एक किनाऱ्याजवळ छोट्या बोटीने मासेमारी करणारा, दुसरा कर्ज काढून खोल समुद्रात जाणारा. 2023 मध्ये सनडान्सला त्याला खास ज्युरी पुरस्कार मिळाला. गोष्ट दोन माणसांचीच आहे, पण त्यांच्या भांडणातून एलईडी दिव्यांची मासेमारी, कर्ज, आटत चाललेला मासा, सगळं आपोआप येतं. पात्र तिथे प्रश्नाकडे जायची वाट आहे. डेंगणमाळच्या प्रतींमध्ये पात्राशी पोचलं की वाट संपते.

याच्या अगदी वेगळं काम आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्याशी जोडलेलं आहे. अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांचा 'कहानकार अहंकार' (1995), वारल्यांवरचा. बाहेरच्यांनी वारल्यांबद्दल लिहून ठेवलेलं आणि वारल्यांनी स्वतः सांगितलेल्या कथा ते समोरासमोर ठेवतात. गोष्ट कोण रचतं आणि कोण घेऊन जातं, हाच विषय. मला वाटतं असा माहितीपट लॉगलाइनच्या रकान्यात मावला नसता. ती दोघं टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकवत होती, याचा त्यात वाटा असणार. पगार ही सगळ्यात शांत ग्रँट असते. अर्थात नोकरी मिळालेल्यांसाठी.

आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' (2011) तुम्हाला माहीत असेल. 1997 च्या रमाबाई नगर गोळीबारापासून चौदा वर्षं चाललेलं काम. कुठलाही निधी चौदा वर्षांचं वेळापत्रक मंजूर करणार नाही. पण 'खरा कलाकार ग्रँटची वाट बघत नाही' हे वाक्य मला सहन होत नाही. माझ्या मैत्रिणीच्या घरी भाताची दोन एकर शेती आहे. ती स्वतःच्या पैशाने चौदा महिनेसुद्धा काढू शकत नाही.

मग पैसे आहेत कुठे? सरकारी बाजू थोडक्यात: 1948 ची फिल्म्स डिव्हिजन 2022 मध्ये एनएफडीसीत विलीन झाली. पीएसबीटीने 2000 पासून दूरदर्शनच्या साथीने शेकडो माहितीपट केले, पण लांबी टीव्हीच्या स्लॉटची. परदेशी फंड, म्हणजे ॲमस्टरडॅमचा इडफा बर्था फंड किंवा सनडान्सचा डॉक्युमेंटरी फंड, यांना स्पर्धा जगभरची आणि अर्ज इंग्रजीत. शिवाय परदेशी पैसा म्हटलं की एफसीआरए आला. 2020 च्या दुरुस्तीनंतर नोंदणीकृत संस्थेला आलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणजे शहरातली मोठी संस्था तालुक्यातल्या छोट्या संस्थेला त्यातून वाटा देऊ शकत नाही. तुम्ही कुठल्या संस्थेमार्फत अर्ज करत असाल तर आधी सीएला विचारा, नंतर लॉगलाइन लिहा.

मला जास्त रस आहे तो दोन वेगळ्या नमुन्यांत. बेंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स 1995 पासून कलेशी निगडित संशोधन आणि प्रयोगांना अनुदान देतं, आणि तिथे अर्ज कुठल्याही भारतीय भाषेत करता येतो. मराठीत अर्ज करता आला की विचारही मराठीतच राहतो. 'नंबर लागणे' याला इंग्रजीत 'क्यू' म्हटलं की त्यातला मान-अपमान गळून जातो. दुसरा नमुना मुंबईच्या 'पुकार'ची युवा फेलोशिप. अर्जुन अप्पादुराईंनी मांडलेल्या 'संशोधनाच्या हक्का'च्या विचारातली. पदवी नसलेली मुलंही गटाने वर्षभर आपल्याच वस्तीचा प्रश्न शोधतात. माहितीपटांसाठी असं तालुक्याच्या पातळीवर काही असतं तर मैत्रिणीला कार्यशाळेतल्या मेंटॉरची गरज पडली नसती.

आणि आपण विज्ञानवाले? जेआरएफ म्हणून आपल्याला 2023 पासून महिना 37,000 मिळतात, दोन वर्षांनी 42,000. हे पैसे वेळेचे असतात. माझ्या विहिरींची पातळी पहिल्या वर्षी अंदाजाच्या उलट आली, तरी फेलोशिप बंद झाली नाही. माहितीपट करणाऱ्याला ही चैन नाही. त्याने आधीच सांगितलेलं दृश्य आणलंच पाहिजे. तेव्हा 'ही डॉक्युमेंटरीवाली माणसं भडक दाखवतात' म्हणताना आपण पगारी वेळेवरून बोलतोय, हे मला आता आठवतं. पूर्वी आठवत नव्हतं. आणि आपल्याकडेही कॉलमध्ये 'हवामान बदल' दिसला की जुन्याच विषयाला ते शेपूट लावणारे आहेतच. मीही एकदा लावलंय.

मैत्रिणीकडे परत येते. दुसरा मसुदा शॉर्टलिस्ट झाला. पुढच्या फेरीसाठी टीझर हवा होता. ती पाड्यावर गेली, मी पाणीपातळी मोजायला बरोबर होते. विहिरीवरच्या एका मावशींना तिने विचारलं, आधी इथे कुणी कॅमेरा घेऊन आलं होतं का. त्या म्हणाल्या, "येतात की. हंडा डोक्यावर घे म्हणतात, भरलेला नसला तरी चालंल म्हणतात." मग जरा थांबून, "तुला काय, तीन बायकावालं घर पायजे का? आमच्यात नाय." मैत्रिणीने कॅमेरा बॅगेतून काढलाच नाही. त्या फेरीतून ती बाहेर पडली. परतीच्या जीपमध्ये आमचं भांडण झालं, कारण माझं म्हणणं होतं की पैसे घ्यायचे आणि नंतर विषय वळवायचा. आपल्याकडे सगळे तेच करतात. ती म्हणाली, तुझ्या विहिरीला काही वाटत नाही, माझ्या मावशीला वाटेल.

यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

तिसरा मसुदा गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका ठिकाणी गेला, मराठीतून. दृश्यांची यादी नाही. अठरा महिन्यांचा राहण्याजेवणाचा खर्च, कॅमेऱ्याचं भाडं आणि पाड्यावरच्या दोन मुलींना आवाज रेकॉर्ड करायला शिकवायचं मानधन, एवढंच बजेट. माझ्या विहिरीच्या पंधरवड्याच्या नोंदी परिशिष्टात आहेत. ऑक्टोबरपासून जूनपर्यंत पाणी उतरत जातं ती रेघ, एवढंच तिचं 'कथानक'. 'इतर माहिती'च्या रकान्यात मावशींची अट लिहिली आहे: नंबर लागलेले असताना शूटिंग नको, बघता बघता नंबर चुकतो.