पापासमोर पुण्य नव्हे, गौरव

आज आपण रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं तेविसावं वचन वाचणार आहोत. पौलाने हे पत्र इ.स. 57च्या सुमारास लिहिलं. वचनाचा आशय असा: पापातून कुणीच सुटलेलं नाही, आणि देवाच्या गौरवाशी तोललं तर प्रत्येक जण कमी भरतो.

पापाच्या विरुद्ध काय, असं इथे धायरीत कुणालाही विचारा. उत्तर येईल, पुण्य. आपल्या मनात पापपुण्याची वही असते. एका बाजूची रक्कम दुसऱ्या बाजूने फेडता येते. पौल मात्र पापासमोर पुण्य ठेवत नाही, गौरव ठेवतो. तिथे वहीच निरुपयोगी ठरते.

आता हा शब्द बघू. हिब्रूत गौरवाला 'कावोद' म्हणतात. त्याच्या मुळाशी जडपणा, वजन आहे. ग्रीकमध्ये त्यासाठी 'डोक्सा' वापरला गेला. त्याचा जुना अर्थ मत, लौकिक. वजन तिथे थोडं झाकलं गेलं. मराठीतला 'गौरव' 'गुरु' म्हणजे जड या शब्दावरून आलेला, म्हणून मराठी भाषांतर नकळत हिब्रूच्या जवळ जातं. वचनातला 'उणे' हा शब्दही त्याला शोभतो. धायरी फाट्यावर भाजी वजनात उणी भरली, तर ती वाईटच असते असं नाही. जेवढी असायला हवी तेवढी नसते. स्तोत्र 8 म्हणतं की माणसाला गौरवाचा मुकुट दिलेला होता. म्हणजे पौलाच्या लेखी पाप हा नुसता गुन्हा नाही, ती माणसाच्या मूळ वजनात आलेली घट आहे.

आमची तक्रार आजच्या वापराबद्दल आहे. गौरव म्हटलं की आपल्याला शाल-श्रीफळ आठवतं. मग प्रवचनात वचनाचा पहिला अर्धाच ऐकू येतो: तुम्ही पापी आहात.

हे अर्धं वाचन कुणाला महागात पडतं? पंडिता रमाबाईंनी 1887च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात दाखवलं की वैधव्य हे बाईच्या पूर्वजन्मीच्या पापाचं फळ मानलं जाई. पाप एकीच्या कपाळी, निवाडा इतरांचा. अशा बाईला 'तूही पापीच' एवढंच सांगणं म्हणजे जुनाच शिक्का पुन्हा मारणं. पण पौलाचा क्रम बघा. दुसऱ्या अध्यायात तो आधी दुसऱ्याचा न्याय करणाऱ्याला गाठतो, आणि मग 'सगळे' म्हणतो. काट्यावर पहिला चढतो तो निवाडा करणारा.

रमाबाईंनी पुढे केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणलं. ते त्यांच्या निधनानंतर, 1924 साली प्रसिद्ध झालं. सामान्य बायकांना स्वतः वाचता यावं, ही त्यामागची तळमळ. स्वतः वाचणारी बाई अर्ध्या वाक्यावर थांबत नाही. पुढचंच वचन सांगतं की ही घट देव कृपेने, फुकट भरून काढतो. आणि पाचव्या अध्यायात हरवलेलं गौरव आशा म्हणून परत येतं.

तो अध्याय पुढच्या वेळी. येताना तिसरा अध्याय एकदा सलग, मोठ्याने वाचून या.