दुग्धप्राशनाचे गमक आणि खानदेश

रेडिंग विद्यापीठाचे विमल करणी व त्यांचे सहकारी यांच्या २०२१ मधील अभ्यासात दूध पचविण्यास साहाय्यक अशा जनुकभेदाला दुग्धप्राशनाचे गमक मानले आहे. हा भेद असणाऱ्यांत कोलेस्टेरॉल व हृद्रोगाचा संभव कमी आढळला. जनुक जन्मतःच ठरत असल्याने, आहाराच्या तोंडी माहितीपेक्षा ही पद्धती सरस होय. परंतु हा पुरावा मुख्यतः ब्रिटन-अमेरिकेतला.

धुळे-जळगावास तो जसाच्या तसा लागू पडत नाही. येथे दूध दही, ताक, तूप होऊनही पोटात जाते. विरजणाने दुग्धशर्करा घटते. तुपात ती जवळजवळ नसते, स्निग्धांश मात्र राहतो. म्हणजे जनुकभेद नसलेलाही दुग्धाहारी असू शकतो, आणि गमकच लुळे पडते. ‘अहिराणी’ या नावात आभीर गोपालकांची स्मृती मानली जाते. पण भाषेचे नाव हा रक्ताचा दाखला नव्हे. येथील हृदयाविषयी बोलण्यापूर्वी येथील ताट पाहिले पाहिजे.