साक्षीदार गिनीपिग: 'ब्लॅक मिरर'च्या चौथ्या सीझनबद्दल एक तक्रार

(शेवट फुटणार आहे. बघायचं असेल तर आधी बघून या.)

'ब्लॅक मिरर'चा चौथा सीझन २०१७ च्या डिसेंबरमध्ये आला. सहा वेगवेगळ्या गोष्टी, पण बहुतेकींच्या मुळाशी एकच समजूत: मन म्हणजे फाइल. कॉपी करा, बघा, जपून ठेवा. 'यूएसएस कॅलिस्टर'मध्ये तर नुसत्या डीएनएवरून माणसाची आठवणींसकट प्रत तयार होते. डीएनएत आठवणी नसतात हो, एकसारख्या जुळ्यांना विचारा! पण ती गोष्ट मुळात ऑफिसातल्या दादागिरीची आहे, म्हणून चालवून घेऊ.

'क्रॉकडाइल'ला मात्र सूट नाही, कारण तो सुरुवातीला चक्क बरोबर बोलतो. स्वयंचलित पिझ्झा-गाडीने एकाला धडक दिलीय. विमा कंपनीची शाझिया साक्षीदारांच्या कानशिलावर एक बटण चिकटवते आणि त्यांची आठवण छोट्या पडद्यावर बघते. त्या दिवशीचा बिअरचा वास देते, तेव्हा वाजत असलेलं गाणं ऐकवते, म्हणजे आठवण वर येते. आठवण तंतोतंत नसते, भावनेने रंगते, हेही तीच सांगते. म्हणून एकावर न थांबता ती अनेक साक्षीदार गाठते.

हे खरं विज्ञान आहे. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना अपघाताची फिल्म दाखवली. 'गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता?' असं काहींना विचारलं, तर काहींना 'लागल्या'ऐवजी 'आदळल्या' म्हणून. 'आदळल्या' ऐकणाऱ्यांनी वेग जास्त सांगितला. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? काच नव्हतीच. तरी 'आदळल्या' गटातल्या ५० पैकी १६ जणांना ती 'आठवली'. 'लागल्या' गटात ७. म्हणजे विचारण्यानेच आठवण बदलते. शाझियाचं यंत्र तर सतत विचारतच असतं.

आणि शेवट? मिया सगळे साक्षीदार संपवते, खोलीत उरतो एक गिनीपिग. पोलीस त्याची आठवण बघतात आणि थेट मियापर्यंत पोचतात. चाळीस-पन्नास मिनिटं जपलेली शंका एका विनोदासाठी फेकून दिली! आठवण झाली सीसीटीव्ही.

एवढं मनाला का लावून घेतेय? कारण हे आपल्याकडे घडलंय. २००८ मध्ये पुण्यात एका खुनाच्या खटल्यात आरोपीच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून वाक्यं ऐकवली गेली. तिने बोलायचंही नव्हतं. मेंदूच्या विद्युत-लहरींवरून सॉफ्टवेअरने ठरवलं की तिला गुन्ह्याचं 'अनुभवातून आलेलं ज्ञान' आहे. सत्र न्यायालयाने शिक्षा देताना हा अहवालही धरला. ऐकीव किंवा नुसती कल्पलेली गोष्ट आणि जगलेली गोष्ट या लहरी वेगळ्या दाखवू शकतात का, हा प्रश्न तेव्हाही अनेक संशोधकांनी विचारला होता. पुढे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात सांगितलं: सक्तीने अशी चाचणी नाही. संमती असली तरी निव्वळ निष्कर्ष पुरावा नाही. त्यातून पुढे काही सापडलं तर तेवढंच.

'क्रॉकडाइल'च्या जगात आठवण दाखवायला नकार दिला तर शाझियाला ते पोलिसांना कळवावं लागतं. चार्ली ब्रूकर हे एका वाक्यात सांगून पुढच्या खुनाकडे वळतो. मला तर गोष्ट तिथेच हवी होती: नाही म्हणणाऱ्या एका साध्या, निर्दोष साक्षीदाराची.