यलो डेव्हिल: एकच फटका दहा वेळा मोजला तर?

कॅपकॉमच्या ‘मेगा मॅन’मध्ये (१९८७, जपानमध्ये ‘रॉकमॅन’) डॉ. वायलीच्या किल्ल्यात यलो डेव्हिल हा बॉस भेटतो. तो शरीराचे तुकडे करून एकेक तुकडा स्क्रीनच्या दुसऱ्या टोकाला फेकतो, तिकडे पुन्हा जुळतो आणि क्षणभर डोळा उघडतो. मार लागतो तो फक्त डोळ्याला. सुरुवातीला हा शुद्ध अन्याय वाटतो. पण तुकड्यांचा क्रम ठरलेला आहे. नीट बघा, अंदाज बांधा, हरलात की अंदाज सुधारा. म्हणून हा बॉस माझ्या मते अवघड आहे, पण प्रामाणिक आहे.

त्याच्यावर एक प्रसिद्ध पळवाटही आहे. इलेक मॅनचा थंडर बीम डोळ्यातून जात असताना सिलेक्ट बटण दाबत गेम थांबवा-चालू करा. एकच फटका अनेकदा मोजला जातो. बॉस मरतो, क्रम मात्र शिकायचा राहतो. संशोधनातही हे घडतं: एकाच उंदराचं रक्त दहा वेळा तपासायचं आणि नमुनासंख्या १० लिहायची. आकडा देखणा, पुरावा एकाच उंदराचा.

खरी पुनरावृत्ती मालिकेनेच करून दाखवली. तिसऱ्या भागात (१९९०) हाच राक्षस तुकड्यांची चाल बदलून आला, नवव्यात (२००८) जोडीने. मूळ नियम समजलेल्याला तिथेही धागा सापडतो. नुसतं बटण दाबून जिंकलेल्याची सुरुवात शून्यापासून.

तुमचा निष्कर्ष दुसऱ्या प्रयोगशाळेत टिकेल का, हे विचारताना हाच फरक तपासा.