तालमीची संहिता : चित्रित वाद्यवृंद आणि कर्तृत्वाचा प्रश्न

संगीताची कलाकृती नेमकी कोठे असते, हा सौंदर्यशास्त्रातील जुना प्रश्न आहे. हिंदुस्थानी संगीतापुरते त्याचे उत्तर सोपे वाटते. गायकाने त्या बैठकीत केलेली रागाची मांडणी हीच कलाकृती, असे म्हणून पुढे जाता येते. पाश्चात्त्य अभिजात वाद्यवृंदाच्या बाबतीत ही सोय नाही. तेथे एक लिखित संहिता असते, तिचा कर्ता बहुधा हयात नसतो, ती साकार करणारे साठ-सत्तर किंवा त्याहून अधिक वादक असतात, आणि स्वतः एकही स्वर न वाजवणारा संचालक त्या सर्वांच्या वतीने श्रोत्यांना अभिवादन करतो. लिखित संहिता आणि तिचा प्रयोग यांच्यात कलाकृतीचे अस्तित्व कसे वाटून द्यावे, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या दोहोंत तिसऱ्या स्थळाची भर पडली. प्रयोगाचे, आणि क्वचित तालमीचेही, चित्रण होऊ लागले. हे चित्रण म्हणजे केवळ दस्तऐवज, असे गृहीत धरले गेल्यामुळे त्याचे संहिता म्हणून वाचन फारसे होत नाही.

मराठी रसिकाच्या दृष्टीने हा प्रश्न निव्वळ तात्त्विक नाही. मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. २००६ साली एन. सी. पी. ए. या संस्थेत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला. म्हणजे मुंबईला वाद्यवृंद अपरिचित नाही. परंतु पनवेलच्या खांदा कॉलनीतील एखादा विद्यार्थी खांदेश्वरहून हार्बर मार्गाने निघाला, तर नरिमन पॉइंटच्या सभागृहापर्यंत पोचण्यात त्याचे दीड तास सहज जातात. तिकिटाचा आणि रात्री परतण्याचा प्रश्न वेगळाच. वाद्यवृंद त्याला भेटतो तो पडद्यावर. सभागृहात बसण्याचा अनुभव ज्याच्या गाठीशी आहे, तो कॅमेऱ्याने केलेला अन्वय आणि प्रत्यक्ष संगीत यांत भेद करू शकतो. ज्याचा सगळा अनुभवच पडद्याचा आहे, त्याला तो अन्वय म्हणजेच संगीत वाटते. म्हणून कॅमेरा काय सांगतो आणि काय वगळतो, हे तपासणे आवश्यक ठरते.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. संगीत ही श्रवणाची कला आहे; डोळ्यांना तेथे काय काम? मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांची मांडणी संवेदनांच्या संघटनेच्या पायावर केली. त्या भूमिकेतून पाहिले, तर नादाच्या संघटनेत दृश्याची लुडबूड हा माध्यमसंकर ठरेल. परंतु आक्षेपाचे हेच हत्यार उलट बाजूनेही वापरता येते. चित्रपटाच्या संकलनालाही स्वतःची लय असते, आणि ती संगीताच्या लयीशी संवाद किंवा विरोध यांपैकी कोणतेही नाते जोडू शकते. प्रयोगाची बहुसंख्य चित्रणे केवळ संवादाचा मार्ग पत्करतात. ओबोची धून सुरू झाली की ओबोवादक, शिंगे गर्जली की शिंगवादक, असा हा क्रम असतो. जे कानांनी आधीच टिपले तेच डोळ्यांना पुन्हा सांगितले जाते. त्या धुनेखाली जो व्हायोला सगळा डोलारा तोलून धरत असतो, तो चौकटीत येत नाही. दृश्याची ही पुनरुक्ती श्रवणाला मदत करीत नाही, त्याला आळशी बनवते.

बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचा आरंभ या दृष्टीने बोलका आहे. सर्वपरिचित चार स्वर तंतुवाद्ये आणि क्लॅरिनेट मिळून वाजवतात. चित्रणात मात्र त्या क्षणी बहुधा संचालकाचा हात किंवा चेहरा दिसतो. त्या नादात क्लॅरिनेटही आहे, हे पाहणाऱ्याला कळतच नाही. ज्याच्याकडून कोणताही ध्वनी निघत नाही, तोच ध्वनीचा उगम म्हणून दाखवला जातो. येथे कॅमेरा निवेदक झालेला असतो, आणि त्याच्या निवेदनात कर्ता एकवचनी असतो. तरीही याच जागी चित्रण असे काही देते की जे ध्वनिमुद्रिका देऊ शकत नाही. ही सिंफनी स्वराने सुरू होत नाही, एका लहानशा विरामाने सुरू होते. संचालकाच्या हाताचा पहिला आघात त्या विरामावर पडतो. कानाला ऐकू न येणारी ही संहितेतील पहिली खूण डोळ्यांना दिसते. म्हणजे दृश्य संगीताला सर्वथा परके नाही. ते कोठे नेमले जाते, हा प्रश्न आहे.

एकवचनी कर्त्याचे हे निवेदन हर्बर्ट फोन कारायान यांच्या चित्रपटांत टोकाला गेले. ध्वनी आधी मुद्रित करावा आणि वादकांनी नंतर कॅमेऱ्यासमोर त्याबरहुकूम वादनाचा अभिनय करावा, ही पद्धत त्यांच्या अनेक चित्रपटांत वापरली गेली. मिटल्या डोळ्यांचा संचालक मध्यभागी, आणि भोवती रेखीव रांगांत वाद्ये. वादकांचे चेहरे गौण. भारतीय प्रेक्षकाला ही रीत चांगली ओळखीची आहे, कारण तिचे नाव प्लेबॅक. मात्र मुंबईच्या हिंदी चित्रपटात तिची दिशा उलटी होती. तेथे गोमंतकीय, पारशी आणि इतर वादकांचे मोठमोठे ताफे ऐकू येत. दिसत मात्र नायक-नायिका. कारायान यांच्या पडद्यावर वादक दिसतात, परंतु दिसतात त्या क्षणी ते ऐकू येत नसतात. मुंबईच्या पडद्यावर ते ऐकू येतात, पण दिसत नाहीत. दोन्ही ठिकाणी देह आणि नाद यांची फारकत झालेली आहे, आणि तिची किंमत वादकाने मोजलेली आहे.

या फारकतीला उत्तर मिळते ते तालमीच्या चित्रणात. ‘तालीम’ या शब्दाची मराठीतील व्याप्ती येथे लक्षात घेण्याजोगी आहे. गुरूकडून घ्यावयाची ती तालीम, नाटकाची ती तालीम, आणि मल्ल जेथे घाम गाळतो तीही तालीम. शिक्षण, पूर्वप्रयोग आणि शरीरश्रम हे तिन्ही अर्थ या एका शब्दात नांदतात. प्रयोगाच्या चित्रणात यांपैकी एकही दिसत नाही, कारण श्रम लपवणे हीच प्रयोगाची अट असते.

१९६५ साली आंरी-जॉर्ज क्लूझो यांनी कारायान आणि व्हिएन्ना सिंफनी यांची शूमानच्या चौथ्या सिंफनीची तालीम चित्रित केली. या सिंफनीलाच पाठभेदाचा इतिहास आहे. शूमानने ती १८४१ साली लिहिली आणि १८५१ साली तिचे पुनर्लेखन केले. ब्राम्ससारख्या जाणकाराचा कल पहिल्या पाठाकडे होता. लेखकाच्या टेबलावर घडलेला हा पाठभेद तालमीत वेगळ्या रूपात पुन्हा घडतो. वादन थांबवले जाते, एखादे वाक्य मागे जाऊन पुन्हा वाजवले जाते, आणि एकाच ओळीची तीन-चार रूपे एकामागून एक कानांवर येतात. हस्तलिखितातील खोडलेल्या ओळी वाचाव्यात तसा हा अनुभव आहे. अंतिम पाठ अपरिहार्य नव्हता, तो निवडलेला होता, हे त्यातून कळते. १९७० साली स्टुटगार्टच्या रेडिओ वाद्यवृंदाबरोबर कार्लोस क्लायबर यांच्या तालमींचे चित्रण झाले. तेथे तर संचालक जवळजवळ कवीसारखा वागतो. तांत्रिक सूचनेऐवजी तो प्रतिमा देतो, आणि आरंभी काहीसे साशंक असणारे वादक हळूहळू त्या प्रतिमेला नादाचे रूप देतात. अर्थ संहितेत तयार नव्हता आणि संचालकाच्या मनातही पूर्ण नव्हता. तो दोन बाजूंच्या व्यवहारात सिद्ध झाला.

म्हणून तालीम निरागस असते असे मात्र नव्हे. कॅमेरा समोर आहे हे सर्वांना ठाऊक असते, आणि तालमीत सत्तेचे नाते उघडे पडते. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात हौशी मंडळींच्या सरावाच्या खेळाचे रूपांतर बेणारे बाईंवरील खऱ्या खटल्यात होते. फेलिनी यांच्या १९७८ सालच्या ‘ऑर्केस्ट्रा रिहर्सल’मध्ये दूरचित्रवाणीच्या चमूसमोर वादक संचालकाविरुद्ध बंड करतात आणि अखेर पुन्हा त्याच्याच हुकमाखाली येतात. दोन्ही कृतींना एक गोष्ट नेमकी कळलेली आहे : समूहाचे खरे व्याकरण सरावात दिसते, प्रयोगात नव्हे.

या व्याकरणाचा सर्वांत मोकळा नमुना वाद्यवृंदाच्या सीमेवर सापडतो. क्रिस्टोफर न्यूपेन यांनी १९६९ साली चित्रित केलेल्या ‘द ट्राउट’मध्ये शूबर्टच्या पंचवादनाची तयारी आणि लंडनमधील प्रयोग आहे. बॅरेनबॉइम, पर्लमन, झुकरमन, जॅकलीन द्यू प्रे आणि डबल बासवर झुबिन मेहता. १९३६ साली मुंबईत जन्मलेले मेहता, मेहलींचे पुत्र, एरवी जगभरच्या पडद्यांवर मध्यभागी उभे असत. येथे ते कडेला उभे आहेत, सर्वांत खालचा स्वर धरून. संचालकच नसल्यामुळे कॅमेऱ्याला एकवचनी कर्ता सापडत नाही. चौघांच्या नजरा पाचव्याकडे वळतात तिकडे त्यालाही वळावे लागते. थट्टामस्करी आणि गंभीर वादन यांत खंड पडत नाही. बार्थ यांनी १९७० साली ऐकण्याचे संगीत आणि वाजवण्याचे संगीत असा भेद केला होता. या चित्रपटात पाहणाराही क्षणभर दुसऱ्या बाजूला जाऊन बसतो.

मुंबईकडे परतल्यावर या चर्चेतील उणीव प्रकर्षाने जाणवते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली सेंट झेवियर्स महाविद्यालयात भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ यांना एकत्र आणणारा सिंफनी प्रयोग केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. राहुलदेव बर्मन आणि प्यारेलाल यांचे हे व्हायोलिनगुरू बहुसंख्य प्रेक्षकांना एका गाण्यातील नावापुरते माहीत राहिले. समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, हे मोलाचे. पण माहितीपट आठवणी गोळा करू शकतो, तालीम पुन्हा घडवू शकत नाही. रागाला स्वरमेळात बसवताना कोणता स्वर सोडावा लागला, कोणत्या वादकाने मींड लिहिता येत नाही म्हणून ती वाजवून दाखवली, हे सांगणारा पाठ चित्राविना विरून गेला.

म्हणून चित्रित तालमीकडे पाहण्याची समीक्षेची दृष्टी बदलली पाहिजे. साहित्याच्या अभ्यासात हस्तलिखिते आणि खर्डे यांना जे स्थान आहे, तेच तालमीच्या चित्रणाला द्यावयास हवे. प्रयोगाचे चित्रण कलाकृतीचा कर्ता कोण हे ठरवून टाकते. तालमीचे चित्रण तो प्रश्न खुला ठेवते. खांदा कॉलनीतील त्या विद्यार्थ्याला सभागृह दूर आहे, पण तालीम पाहण्याची सवय लागली तर पडद्यावरही त्याला व्हायोला शोधता येईल.