छापलं तसं आणि उमगलं तसं

ओपनॲलेक्समधली कुठलीही नोंद उघडा, सुरुवातीला एक रोमन अक्षर आणि त्यामागे लांबलचक आकडा दिसतो. शोधनिबंध असेल तर डब्ल्यू, लेखक असेल तर ए, संस्था असेल तर आय, नियतकालिक असेल तर एस. तिथून खाली रकान्यांमागून रकाने. बहुतेक जण हवा तो दुवा उचलतात आणि पुढे जातात. मला मात्र ही नोंद सावकाश, ओळ न ओळ वाचावीशी वाटते, कारण ती रचणाऱ्यांनी प्रत्येक रकान्यामागे विचार केलेला आहे आणि तो वाचता वाचता हळूहळू कळत जातो.

ज्यांनी हे नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही जगभरातल्या शास्त्रीय लेखनाची सूची आहे. लेख कुणी लिहिला, कुठे आणि कधी छापला, त्यात कुणाचे संदर्भ घेतले, तो फुकट कुठे वाचायला मिळेल, एवढं ती सांगते. यालाच मेटाडेटा म्हणतात. मायक्रोसॉफ्टनं आपली अशीच एक सूची २०२१ च्या अखेरीस बंद केली, तेव्हा अवररिसर्च या ना-नफा संस्थेनं ते काम हाती घेतलं आणि जानेवारी २०२२ मध्ये ओपनॲलेक्स सुरू झालं. नाव अलेक्झांड्रियाच्या प्राचीन ग्रंथालयावरून घेतलेलं. प्रणालीचा कोड खुला आहे आणि माहितीही सीसी-झीरो परवान्याखाली, म्हणजे कुणीही ती उचलावी आणि तिच्यावर आपलं काही उभं करावं. वेब ऑफ सायन्स किंवा स्कोपस या व्यावसायिक सूचींची वर्गणी भरणं आपल्याकडच्या साध्या महाविद्यालयाला झेपत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीसारख्या तालुक्याच्या गावी राहून पीएच.डी. करणाऱ्या मुलीसमोर पूर्वी ही दारं बंदच असत. आता तिच्यासमोर तीच सूची उघडते जी पॅरिसच्या सोरबॉन विद्यापीठानं वेब ऑफ सायन्स सोडताना आपलीशी केली.

आता लेखकाचा रकाना पाहू. माझ्या मते या रचनेतलं सगळ्यात सुंदर स्थळ हेच. इथे नाव दोनदा येतं. एकदा लेखावर जसं छापलं होतं तसंच्या तसं, आणि एकदा सूचीला ती व्यक्ती जशी उमगली तसं. समजा, कुणी जाधव आहेत. एका लेखावर ‘जाधव एस. बी.’, दुसऱ्यावर ‘एस. जाधव’, तिसऱ्यावर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव. सूची या तिन्ही ओळी जपते, एकीवरही खोडरबर फिरवत नाही, आणि शेजारच्या रकान्यात म्हणते, मला वाटतं ही एकच व्यक्ती. हा अंदाज चुकला तरी मूळ ओळ शाबूत असते, म्हणून चूक दुरुस्त करता येते. पुरावा आणि निष्कर्ष यांची गल्लत होऊ न देण्याची ही शिस्त आपल्याकडच्या कितीतरी इतिहासलेखनातही सापडत नाही. लेखकाच्या स्वतंत्र नोंदीत पर्यायी नावांचाही एक रकाना असतो. लग्नानंतर आडनाव बदललेल्या आपल्या संशोधक बायकांसाठी तो फार मोलाचा आहे. माहेरच्या नावानं लिहिलेले लेख एकीकडे आणि सासरच्या नावानं लिहिलेले दुसरीकडे, अशी एकाच बाईच्या कामाची वाटणी वर्षानुवर्षं होत आली. त्या बाईंनी ओआरसीआयडी हा सोळा अंकी विनामूल्य क्रमांक घेतला असेल, तर दोन्ही हिस्से एका नावाखाली येण्याची वाट सोपी होते.

संस्थेचा रकाना मराठवाड्याच्या माणसानं तर मुद्दाम वाचावा, कारण नावं बदलणं म्हणजे काय हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक! १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं, जानेवारी १९९४ मध्ये त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं, पुढे शहराचंच नाव छत्रपती संभाजीनगर झालं. १९९४ च्या सप्टेंबरात नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळं निघालं; त्याआधीचे नांदेड-लातूरकडचे प्रबंध औरंगाबादच्या खात्यावर. परभणीचं मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ चं. २०१३ पासून त्याच्या नावात वसंतराव नाईक आले. वर इंग्रजीत ‘तीर्थ’ लिहिताना कुणी आय घालतो, कुणी दोन ई, कुणी नुसती आद्याक्षरं देऊन मोकळा होतो. एवढ्या नावांच्या गर्दीत यंत्रानं करावं काय? सूची संस्थेला आरओआर नावाच्या खुल्या नोंदवहीतला क्रमांक जोडते. नाव बदलो, शहर बदलो, क्रमांक तोच राहतो आणि जुनी नावं त्याच्या पोटात राहतात. सोबत शहर, देश, अक्षांश-रेखांश असतात. याची किंमत उमरीकराला लगेच कळेल. अकोल्यालाही उमरी आहे, शिवाय त्या नावाची खेडी आणखी कितीतरी. नुसतं ‘उमरी’ लिहिलेल्या पत्त्यावरून जिल्हा कोण सांगणार?

सारांशाचा रकाना पहिल्यांदा पाहिला की माणूस गोंधळतो. तिथे सलग परिच्छेद नसतोच. प्रकाशकांच्या हक्कांमुळे सारांश जसाच्या तसा देता येत नाही, म्हणून तो शब्दाशब्दांत सोडवून ठेवलेला असतो: एकेक शब्द, आणि तो वाक्यात कितव्या जागी आला ते आकडे. समजण्यापुरतं माझं एक वाक्य घेतो: ‘कोरडवाहू कापसाला पहिला पाऊस महत्त्वाचा आणि परतीचा पाऊस त्याहून महत्त्वाचा.’ मोजणी शून्यापासून होते. मग नोंदीत ‘पाऊस’ एकदाच येतो आणि त्यापुढे ३ आणि ७. ‘महत्त्वाचा’ एकदाच, त्यापुढे ४ आणि ९. वाक्य मोडलं, तरी हरवलं काहीच नाही. आकड्यांच्या क्रमानं शब्द लावले की ते पुन्हा उभं राहतं. गाथेच्या शेवटी अभंगांची अकारविल्हे सूची पाहण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला ही युक्ती परकी वाटायची नाही. कायद्याची मर्यादा पाळून अर्थ वाचवायचा, हे कारागिरीचं काम आहे आणि मला ते मनापासून आवडतं.

त्याखाली ठिकाणांची यादी. एकच लेख प्रकाशकाकडे असतो, विद्यापीठाच्या डिजिटल भांडारात असतो, कधी लेखकानं स्वतः कुठे ठेवलेला असतो. सूची ही सगळी ठिकाणं मांडते आणि त्यातलं फुकट वाचता येणारं चांगलं ठिकाण वेगळं दाखवते. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राच्या एनएचएच ४४ या वाणानं कोरडवाहू शेतकऱ्याला एके काळी मोठा आधार दिला. कापसावरच्या अशा संशोधनाचा मागोवा घेणाऱ्याला लेखाची किंमत डॉलरमध्ये दिसते आणि तो तिथेच थांबतो. नोंदीतली ही एक ओळ त्याला पुढे नेऊ शकते. लेख मागे घेतला गेला असेल, तर तेही नोंद सांगते, आणि शेतीच्या शिफारशी ज्यावरून होतात त्या लेखनात ही खूण कळीची आहे.

अलीकडच्या सुधारणांपैकी दोन महत्त्वाच्या. विषयांची जुनी मांडणी जाऊन २०२४ मध्ये नवी आली, नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर केलेली: चार मोठी क्षेत्रं, त्यांच्या शाखा, उपशाखा आणि तळाशी सुमारे ४,५०० विषय. दुसरी सुधारणा नोव्हेंबर २०२५ ची. ‘वॉल्डन’ या नावानं अख्खी प्रणाली नव्यानं लिहिली गेली आणि संशोधनाच्या डेटाला क्रमांक देणारी डेटासाइट ही संस्था व संस्थांची भांडारं यांमधल्या सुमारे १९ कोटी नोंदी तिच्यात आल्या. मला यातला भांडारांचा भाग अधिक मोलाचा वाटतो. मोठ्या प्रकाशकांच्या यादीत ज्याला जागा नाही, त्याला आत येण्याचा रस्ता तिथूनच आहे.

आणि तरीही भाषेच्या रकान्यापाशी येऊन मी थबकतो. मराठीसाठी तिथे जागा आहे, ही आनंदाची गोष्ट. पण भाषा ओळखते यंत्र, सारांशावरून. तो नसेल तर नुसत्या शीर्षकावरून. ‘भारतीय लोककला’ हे शीर्षक मराठी, हिंदी की नेपाळी? दोन शब्दांवरून माणसालाही सांगता येणार नाही. त्याहून मोठी उणीव नोंदच नसण्याची. उमरीची बँक हैदराबाद मुक्तिसंग्रामात, जानेवारी १९४८ मध्ये, स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली. त्यावरचं लेखन मुख्यतः मराठीत आहे, आठवणींत, स्मरणिकांत, विशेषांकांत. मराठवाडा साहित्य परिषदेचं ‘प्रतिष्ठान’, हैदराबादच्या मराठी साहित्य परिषदेचं ‘पंचधारा’, धुळ्याच्या राजवाडे मंडळाचं ‘संशोधक’ यांच्या जुन्या अंकांत या प्रदेशाचा केवढा ऐवज आहे! पण जुन्या छापील लेखाला डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा डिजिटल क्रमांक, बहुधा नसतो, आणि क्रमांकावाचून यंत्राच्या नजरेत येणं कठीण.

या बाबतीत आपली परंपरा मात्र दरिद्री नाही. शंकर गणेश दाते यांनी ‘मराठी ग्रंथसूची’ सिद्ध केली. पहिला भाग १८०० ते १९३७ या काळातल्या पुस्तकांचा, दुसरा १९३८ ते १९५० चा. संगणक नाही, क्रमांकांची जागतिक व्यवस्था नाही, आणि तरी दीडशे वर्षांची मराठी छापील पुस्तकं एका माणसाच्या चिकाटीनं रांगेत उभी राहिली. पुस्तकांसाठी दात्यांनी जे केलं ते नियतकालिकांतल्या लेखांसाठी आज करायचं, तर साधन त्यांच्यापेक्षा कितीतरी बळकट आहे. सूचीत चूक दिसली तर कुणीही दुरुस्ती सुचवू शकतो. कोड खुला आहे, माहिती खुली आहे. अडतं ते आपल्या बाजूनं.

म्हणून नांदेड-लातूरकडच्या महाविद्यालयांच्या ग्रंथपालांना आणि मराठी नियतकालिकांच्या संपादकांना माझी विनंती आहे. पुढच्या अंकापासून प्रत्येक लेखाखाली लेखकाचं पूर्ण नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये छापा, संस्थेचं नाव आद्याक्षरांत न उरकता जिल्ह्यासह पूर्ण द्या, पाच-सहा ओळींचा मराठी सारांश जोडा, भाषा ‘मराठी’ असं स्वच्छ लिहा. जुने अंक स्कॅन करून भांडारात ठेवाल तेव्हा अख्खा अंक एका फाइलीत कोंबू नका. प्रत्येक लेखाची वेगळी नोंद करा आणि शीर्षक देवनागरीतच राहू द्या.